वरचा, डावा, पुढचा

गुरुवारी सकाळी दवाखान्यातून मापांचा खोका आला तेव्हा मी चष्मा पुसत होतो, आणि खोक्यातली तिसरी चिठ्ठी वाचून झाल्यावरही तो पुसतच राहिलो. चिठ्ठीत जगावेगळं काही नव्हतं. दात वरचा, डावा, पुढचा. अर्धा मोडलेला. कारण, बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. कॅप शनिवारी दुपारपर्यंत हवीच, पुढच्या शनिवारी लग्न आहे. 'लग्न' या शब्दाखाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या होत्या. वर बाईंचं नाव होतं, आणि ते नाव मी मागचे दोन रविवार चर्चमध्ये ऐकलं होतं, दाजींच्या नावाला जोडून. आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत दोघांची नावं पुकारतात आणि पाळकसाहेब विचारतात, या लग्नाला कोणाची काही हरकत आहे का. हरकत कधी कोणी घेत नाही. तेवढ्या वेळात लोक खोकून घेतात, मुलांना गप्प करतात, भजनांचं पुस्तक चाळतात. मागचे दोन्ही रविवार मीसुद्धा पुस्तकच चाळत होतो. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ताईला जाऊन सहा वर्षं झाली.

मी दात बनवतो. दात बघणारा वेगळा आणि बनवणारा वेगळा, हे पुष्कळांना माहीत नसतं. पेशंट 'आ' करतो तो डॉक्टरापुढे. मी असतो तीन रस्ते पलीकडे, तळमजल्यावरच्या एका खोलीत, मेण, प्लास्टर आणि घासण्याच्या यंत्राच्या बारीक धुळीत. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतो, मी त्यात प्लास्टर ओततो, ते घट्ट झालं की त्या माणसाचा जबडा माझ्या हातात येतो. चेहरा कधी दिसत नाही. बत्तीस वर्षं हे करतोय. रस्त्यात कोणी ओळख देत नाही, पण समोरचा हसला की मला कळतं, हा आपला. बायको म्हणते, तुम्हाला माणसांपेक्षा त्यांचे दात जास्त कळतात. ती हे कौतुकानं म्हणत नाही.

त्या बाईंची मापं दोन होती, एक मोडका दात कॅपसाठी घासायच्या आधीचं आणि एक घासल्यानंतरचं. मी दोन्ही ओतली. पाऊण तासानं पहिला साचा, म्हणजे प्लास्टरचा जबडा, सोडवला, बोटावर घेतला आणि खिडकीपाशी गेलो. दात मधल्या फटीच्या बाजूनं तिरका तुटला होता, बाहेरच्या बाजूला एक टोक उरलं होतं, आणि शेजारच्या दाताचाही इवलासा टवका गेला होता. हा दात मी ओळखत होतो. म्हणजे असाच एक दात मी माझ्या हातानं बनवला होता, दहा वर्षांपूर्वी, याच खिडकीत, याच उजेडात. मग नेहमीप्रमाणे मी स्वतःशी वाद घालायला लागलो. माणसं पडतात. ओल्या फरशीवर खरंच पडतात. जगात वरचे, डावे, पुढचे दात काय थोडे आहेत? शिवाय दात काही बोलत नाही. हा वाद मी इतका सराईतपणे घालू शकतो की त्यात मला जिंकायला कधी पाच मिनिटांच्या वर लागत नाहीत.

आमच्या धंद्यात एक गोष्ट कोणी शिकवत नाही, ती आपोआप कळते. पडलेल्या माणसाचं कुठलंही मोडतं. हनुवटी आपटली तर दाढा चिरतात, तोंडावर पडलं तर पुढचे दोन्ही जातात. पण मारलेल्या बाईचं डावीकडचं मोडतं. मारणारा बहुधा उजव्या हाताचा असतो आणि समोर उभा असतो, एवढाच त्याचा अर्थ. अंगठी असली तर शेजारच्या दाताचा टवका जातो. कित्येक वर्षांपूर्वी चर्चमधल्या पुरुषांच्या अभ्यासवर्गात दुसरा गाल पुढे करण्याचा विषय निघाला होता. पहिला गाल उजवा, असं पाळकसाहेबांनी बायबलमधून वाचलं आणि मी भाबडेपणानं विचारलं, "साहेब, उजवा कसा? सगळे डावीकडचेच मोडतात." लोक पोट धरून हसले. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, "तुम्ही दातांचं बघा, आत्म्याचं आमच्यावर सोपवा." मीही हसलो. पण ते डोक्यातून गेलं नाही. पुढे एकदा एकटा असताना मी आरशासमोर हात फिरवून पाहिला. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हातानं मारायचं तर हात उलटा करावा लागतो. उलट्या हातानं माणूस बरोबरीच्या माणसाला मारत नाही. ज्याला तो कस्पटासमान मानतो त्याला मारतो. आणि अशा वेळी जो न पळता, न रडता दुसरा गाल पुढे करून उभा राहतो, तो काय म्हणत असेल? पुन्हा मार म्हणत असेल, की आता माणसासारखं माझ्याकडे बघ म्हणत असेल? मी शिकलेला माणूस नाही, माझं चुकतही असेल. पण हे मला ताई असताना सुचलं नाही. ती असताना मी तिला एवढंच सांगत होतो, की परत जा.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, माझा पहिला डुगडुगणारा दात तिनंच दोऱ्यानं ओढून काढला, आणि तो जपून ठेवायला मागितला तेव्हा म्हणाली, "टाकून दे रे, आपलं मोडकं आपण कशाला सांभाळायचं?" ती पहिल्यांदा माझ्या खोलीवर आली तेव्हा ओठावर रुमाल होता. पडले म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि पडले नाही म्हणाली. डॉक्टर ओळखीचा होता, त्यानं घासायचं काम करून दिलं आणि कॅप मी बनवली. आयुष्यात तितकं चांगलं काम मी केलं नसेल. तिच्या दाताच्या कडेला एक धुरकट निळसर छटा होती, ती पकडायला मी तिला तीन वेळा उजेडात बसवलं. बसवून झाल्यावर आरसा धरला आणि विचारलं, "कसा झालाय?" ती हसली. कोणता खरा आणि कोणता खोटा, कोणाला सांगता आलं नसतं. मला इतका आनंद झाला की ती कशासाठी आली होती तेच मी विसरलो. मग तिची पिशवी मी माझ्या हातात घेतली आणि तिला त्या घरी सोडून आलो. दाजींनी दार उघडलं, डोळ्यांत पाणी, "माझं चुकलं." आम्ही तिघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. परत येताना मला वाटत होतं, आज आपल्या हातून देवाचं काम झालं.

असं तीनदा झालं. तीन दात झाले. बायको दुसऱ्या वेळीच म्हणाली होती, "तुम्ही दात बसवताय म्हणून तो मोडतोय. एकदा तसंच भोकासकट तिला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवा, बघू मग." मी तिला म्हटलं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची नसते. तिसऱ्या वेळी ताई दोन महिने आमच्याकडे राहिली. पाळकसाहेब आणि दोन वडीलधारे आले, दाजी आले, चहा झाला. ताई हळू आवाजात पण स्पष्ट म्हणाली, "मी यांना क्षमा केली आहे. मनापासून केली आहे. पण मी परत जाणार नाही." ते वाक्य आज मला जितकं सोपं वाटतं तितकं त्या दिवशी त्या खोलीत कोणालाच वाटलं नाही. आणि पहिला बोललो तो मी, तिच्या पाठचा भाऊ. मी म्हटलं, "ताई, परत जायचं नाही तर ती क्षमा कसली?" तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात, राग असता तर बरं झालं असतं. लहानपणी मी गणित चुकवलं की ती असंच पाहायची. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पिशवी भरली. त्यानंतर नवव्या दिवशी ती जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी लिहून दिलं, पडून मृत्यू. तपासायला कोणी आलं नाही, कारण आमच्यापैकी कोणी बोलावलं नाही.

दफनाच्या वेळी शवपेटी खाली ठेवली होती तेव्हा दाजी सगळ्यांसमोर माझ्या पायांशी बसले. "मला क्षमा करा," म्हणाले. कशाबद्दल ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही. मी त्यांना उठवलं, मिठी मारली. आख्खं चर्च रडलं. त्यानंतर दोन-तीन वर्षं पाळकसाहेब माझं उदाहरण देत राहिले, बाहेरून आलेल्या पाहुण्यांशी माझी ओळख करून द्यायचे, "हे ते, ज्यांनी क्षमा केली ते." कोणीतरी माझं नाव क्षमामूर्ती पाडलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायचं. प्रेम झालेल्या वाईटाची खूणगाठ बांधून ठेवत नाही, असं पाळकसाहेब दफनानंतर म्हणाले होते. म्हणून त्याच संध्याकाळी मी खोलीवर आलो, ताईचे तीन साचे शेल्फवरून काढले आणि हातोडीनं फोडले. एकेका घावात फुटले. पांढरा चुरा मी ओल्या फडक्यानं पुसून घेतला आणि मला हलकं वाटलं. आपल्या हातानं आपण काय फोडलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तिच्याबाबत घडलेलं सांगू शकेल असं जगात तेवढंच काय ते उरलं होतं.

कॅप मी शुक्रवारभर बनवत होतो. मुद्दाम वाईट बनवावी, रंग चुकवावा, उशीर करावा, असं मनात येऊन गेलं. पण हात ऐकत नाहीत. बत्तीस वर्षांची सवय. हातांना दात दिसतो, बाकीचं त्यांना दिसत नाही. शनिवारी दुपारी डॉक्टरांनी रंग जुळतो का बघायला मला बोलावलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असतील, विधवा, मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या. बोटांना सुईचे बारीक डाग होते. डॉक्टर बाजूच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेले आणि आम्ही दोघंच उरलो. माझ्या आधी त्याच बोलल्या.

"तुम्ही त्यांचे भाऊ ना? म्हणजे, पहिल्या बाईंचे."

"हो."

"मी ओळखलं. चर्चमध्ये बघते ना."

मी रंगांची पट्टी त्यांच्या ओठापाशी धरली. मग ती परत खाली घेतली. "हा कसा मोडला?"

"बाथरूममध्ये पडले." मुली शाळेत पाठ म्हणतात तसं त्या म्हणाल्या.

"माझी ताईही पडायची," मी म्हटलं.

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती सरळ झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाहीये. लग्नाचं विचारलं त्याच दिवशी सांगितलं, मी तिच्यावर हात उचलायचो म्हणून. रडले. म्हणाले, देवानं क्षमा केली, आणि तिच्या भावानंही केली. मी आठ दिवस विचार केला. मला वाटलं, सख्ख्या भावानं सगळ्यांसमोर जवळ घेतलं, म्हणजे माणूस बदलला असणार. भावाला नाही कळणार तर कोणाला? नाहीतर मी हो म्हटलं नसतं."

"आणि हा?" मी दाताकडे बोट केलं.

"पडले म्हटलं ना." मग माझ्याकडे न बघता, "मी माझी खोली सोडलीये. सामान त्यांच्याकडे गेलंय. शाळेत पत्रिका वाटून झाल्या. आता तुम्ही काय करणार, क्षमा मागे घेणार?"

डॉक्टर परत आले. कॅप बसली, एका दमात बसली, कुठे घासावी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, वा. मी आरसा धरला आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "कसा झालाय?" शब्द तेच, आवाजही तोच. बाईंनी आरशात ओठ बाजूला करून पाहिलं आणि मान डोलावली.

घरी बायको कपडे घड्या करत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात न थांबवता विचारलं, "उद्या तिसरी पुकार ना? उभे राहणार का?"

"पुरावा काय आहे माझ्याकडे?"

"पुरावे तर तुम्हीच फोडलेत."

"मी त्याला क्षमा केली आहे गं. सगळ्यांदेखत. आता उभं राहून काय म्हणू?"

"केलीत ना, मग राहू द्या की केलेली. कोणी परत मागतंय का?" तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं ओढून धरलं. "कुत्रं चावलं तर त्याला माफ करावं माणसानं, माझं काही म्हणणं नाही. पण म्हणून शेजाऱ्याच्या दारात त्याला सोडून यायचं का? तुमची ताई हेच सांगत होती. तिचं वाक्य धड ऐकून तरी घ्यायचं होतं." चादरीची घडी झाली.

रविवारी मी खिशात साचा घेऊन गेलो, घासायच्या आधीचा. दाखवायचाच असं ठरवून घेतला होता. बाकावर बसलो तेव्हा तो मांडीला टोचत होता. दाजी पुढून दुसऱ्या बाकावर होते, केस नीट विंचरलेले, शेजारी त्या बाई. त्यांच्या मानेवरचा तो अंबाडा, ब्लाउजची शिवण, हे सगळं मला फार जवळ दिसत होतं. मी दाजींचा द्वेष करतो का, हे मी त्या दिवशी प्रामाणिकपणे शोधलं. द्वेष नव्हता. त्यांच्या मानेवरची सुरकुती बघून मला दयाच आली, ते म्हातारे होत चालले होते. मग हे दोन्ही एकत्र राहू शकतं तर, मला वाटलं. मला त्यांची दया येते, आणि त्यांना या बाईंपासून दूर ठेवायला हवं. इतकं साधं. पाळकसाहेबांनी नावं वाचली. तिसरी आणि शेवटची वेळ. कोणाला योग्य कारण माहीत असेल तर त्यानं आता सांगावं. लोक खोकले. माझे गुडघे बाकाच्या फळीवर आपटले, तेव्हा मला कळलं की मी उभा आहे.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. "हे माझ्या बहिणीला मारायचे. तिचे तीन दात मी बसवले. मी यांना क्षमा केली, ते सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या वाटची क्षमा आजही आहे, ती मी मागे घेत नाही. तिच्या वाटची माझ्या हातात नव्हती, ती मी उगाच वाटून टाकली. पण क्षमा केली म्हणजे हे लग्न व्हावं, असं नाही. काल मी आणखी एक दात बसवलाय."

एवढंच बोललो. घरून याच्या दुप्पट ठरवून आलो होतो. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, घातला, आणि बाईंकडे वळून हळुवारपणे विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. काही आहे का असं?" माझा हात खिशात साच्यावर होता. काढला असता तर सगळं बाहेर आलं असतं. पण ते तोंड त्यांचं होतं, त्यांना न विचारता ते शंभर माणसांसमोर मी कसं धरायचं? त्या उभ्या राहिल्या. मागे वळल्या, सगळ्यांना दिसेल अशा, आणि हसल्या.

"मी बाथरूममध्ये पडले होते," त्या म्हणाल्या. "यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

मी त्यांच्या दातांकडे बघत होतो. खिडकीतून उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि त्या हसण्यात कोणता दात माझा ते मलासुद्धा ओळखता येत नव्हतं.

मग दाजी उठले. डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खरं होतं, त्यांचं पाणी नेहमीच खरं असायचं. बाकांमधून चालत ते माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांच्या मनातलं दुःख मी समजू शकतो. मी यांना क्षमा करतो." आणि त्यांनी मला मिठी मारली. मागून कोणीतरी हुंदका दिला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून हात वर केले. त्या मिठीत माझे हात माझ्या अंगाला चिकटून होते, साच्याचं टोक आम्हा दोघांच्या मध्ये रुतत होतं, आणि मला त्यांच्या अंगाला साबणाचा स्वच्छ वास आला. भजन सुरू झालं. बायकोनं माझी बाही धरून मला खाली बसवलं आणि ती बाही भजन संपेपर्यंत सोडली नाही.

बाहेर लोक आमच्यापासून चार हात लांबून गेले. क्षमामूर्ती म्हणून हाक मारणाऱ्यांपैकी कोणी हाक मारली नाही. फाटकापाशी बायको कुणाच्या तरी आजारपणाची चौकशी करत थांबली, तेव्हा त्या बाई माझ्या बाजूनं गेल्या. दाजी पाळकसाहेबांशी बोलत मागे राहिले होते. त्या थांबल्या नाहीत, चपलेचा पट्टा ठीक करायला म्हणून वाकल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या,

"डॉक्टर म्हणाले, मोडक्या दाताचा साचा तुमच्याकडे राहतो."

"हो."

"तो फोडू नका."

त्या सरळ झाल्या आणि गेल्या. साचा माझ्या खिशात आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारी मी खोलीवर गेलो. साचा धुतला, तळाशी तारीख घातली, त्यांचं नाव लिहिलं, आणि ज्या शेल्फवर ताईचे होते तिथे ठेवला. त्याच्या शेजारी आणखी दोन साचे मावतील एवढी जागा होती. तिकडे मी बराच वेळ बघत उभा राहिलो. मग खालचा मेणाचा मोठा डबा उचलला आणि त्या जागेत ढकलून बसवला, जागा उरू नये म्हणून.